केबिनमधला माठ

काचेपलीकडं हुसेनसाबनं कपाळावरून आडवं बोट ओढलं, तेव्हा शिवशरण खुर्चीतून अर्धा उठला होता. बाहेर हॉलमध्ये सगळे हसत होते. आवाज येत नव्हता, नुसती तोंडं दिसत होती, आणि कशावर हसतायत हे न कळता दुसऱ्यांची हसरी तोंडं बघत बसणं त्याला सहन होईना. जावं, उभं राहावं, जमलं तर आपणही थोडं हसावं, एवढाच विचार करून तो उठत होता. हुसेनसाबनं बोट ओढलं आणि हात तसाच खाली फायलीवर आणला, घाम पुसल्यासारखा. पण घाम असा पुसत नाहीत हे त्या ऑफिसात शिवशरणएवढं कुणाला माहीत? माना खाली गेल्या, कुणाची तरी ओढलेली खुर्ची परत टेबलाशी गेली, टायपिस्टबाईंची बोटं मशीनवर नाचू लागली. अर्धा उठलेला माणूस परत बसला तर आणखी वाईट दिसतं, म्हणून तो पूर्ण उठला, दार ढकलून बाहेर गेला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, दोन्ही नीट चालतायत याचं समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि परत आत आला. दार त्याच्या पाठीमागं झुलत झुलत थांबलं. पूर्वी ते करकरायचं. त्यानंच त्याला तेल घातलं होतं.

कपाळावरून आडवं बोट म्हणजे साहेब. गोऱ्या साहेबाच्या टोपीची कड. ही खूण साचेखात्यातली, म्हणजे गिरणीच्या त्या लांबलचक शेडमधली, जिथं शेकडो माग एकदम चालतात आणि कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नाही. तिथली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. शिवशरणचे वडील मडिवाळप्पा आणि हुसेनसाबचे वडील इमामसाब, दोघे शेजारशेजारच्या मागांवर उभे असायचे. दोघांची पोरं दुपारच्या भोंग्याला डबे घेऊन दाराशी उभी राहायची आणि आत बापांचं काय चाललंय ते बघायची. तळव्यावर तळवा थापला म्हणजे भाकरी. ओठापाशी हाताची बशी तिरकी केली म्हणजे चहा. छातीवर मूठ टेकवली म्हणजे हा आपला माणूस, याच्यासमोर बोलायला हरकत नाही. पुढं दोघं पोरं शिकली, दोघांनाही त्याच गिरणीच्या ऑफिसात टेबलं मिळाली, तीही शेजारशेजारची, आणि बापांची ही बोली त्यांनी हॉलमध्ये आणली. जुने साहेब केबिनमधून बाहेर पडायचे तेव्हा हुसेनसाबचं बोट कपाळावरून फिरायचं आणि शिवशरण शेंगांची पुडी ड्रॉवरमध्ये सरकवायचा. कित्येक वर्षं. हळूहळू सगळा हॉल ती खूण शिकला. म्हणजे तसं पाहिलं तर आज ज्या खुणेनं त्याला खुर्चीत गाठलं होतं, तिच्यात अर्धा वाटा त्याचाच होता. हुसेनसाबनं ती वाईटपणानं केली नसणार. हात आपोआप गेला असणार. पण हात आपोआप जावा इतका आपण साहेब झालो, हेच शिवशरणला लागलं, आणि फार लागलं.

साहेब म्हणजे तरी काय, ऑफिस सुपरिंटेंडंट. जुने साहेब दिवाळीत रिटायर झाले आणि ही केबिन त्याच्याकडं आली. केबिन म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात प्लायवूडच्या दोन भिंती, कमरेपासून वर तेव्हा दुधी काच, आणि तसंच एक झुलतं दार. मॅनेजर म्हणाले होते, जरा ठीकठाक करून घ्या, तुम्हाला बरं वाटेल असं. शिवशरणला त्या दिवशी खरोखर बरं वाटलं होतं, खोटं कशाला. हॉलमध्ये बसून त्याचं डोकं उठायचं. एका बाजूला टाइपरायटर, एका बाजूला फोन, भिंतीपलीकडून मागांचा आवाज, वर वाकडा फिरणारा पंखा. तो रोज तणतणायचा, की एक दिवस तरी माणसाला शांत बसायला मिळू नये का. एकदा हुसेनसाब चेष्टेत म्हणाला होता, "घरी जा की रे शिवा. तितं शांतच हाय की." बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली, कारण शिवशरणच्या बायकोला, मायाक्काला जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. दुपारी डबे उघडले तेव्हा त्यानं आपली अर्धी भाकरी मोडून शिवशरणच्या डब्यात ठेवली आणि दुसरीकडं बघत खात राहिला. शिवशरणनं ती खाल्ली. ज्वारीची कडक भाकरी चावताना तोंडातून बराच आवाज होतो, त्याचं त्या दिवशी बरं वाटलं.

घरी खरोखरच शांत होतं. मायाक्का त्याच्याशी कानडीत बोलायची. अक्कलकोटकडची ती, मराठी तिला यायची पण रागावल्याशिवाय तिची मराठी बाहेर पडायची नाही. आता त्या दोन खोल्यांत कानडीही नव्हती आणि रागही नव्हता. मुलगी लग्न होऊन बार्शीला गेली होती, सणाला यायची, दोन दिवस भांडी वाजायची, मग परत तेच. सकाळी उठून तो रेडिओ लावायचा आणि बातम्या देणाऱ्याला मध्येच हो म्हणायचा. हॉलच्या गोंगाटाला तो शिव्या देत होता खरा, पण त्या गोंगाटातच त्याचा दिवस निघत होता, हे कळायला केबिन मिळावी लागली.

केबिनमधल्या पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो नेहमीसारखा डबा घेऊन हॉलमध्ये गेला होता. तिथं टेबलं जोडून वर्तमानपत्र अंथरायचं आणि सगळे डबे मध्ये ठेवायचे अशी रीत. कुणाची शेंगाचटणी, कुणाचं पिठलं, कुणाची मिरची, ज्याचा हात जिथं पोचेल ते त्याचं. हुसेनसाबच्या डब्यात कधी गोश्त असलं तर तो आपण होऊन टोकाला बसायचा आणि शिवशरणच्या चटणीपुरता तेवढा हात लांब करायचा. त्या दिवशी शिवशरण आला आणि सगळे उभे राहिले. त्याच्यासाठी हात असलेली खुर्ची आणली, कुणीतरी रुमालानं पुसली, आणि ती मधोमध नाही, टेबलाच्या शेंड्याला ठेवली. त्याच्या डब्यात कुणी हात घातला नाही. त्यानं स्वतःहून चटणी वाटली तर प्रत्येकानं बोटाच्या टोकाएवढी घेतली आणि थँक्यू साहेब म्हटलं. थँक्यू! शेंगाचटणीला! हुसेनसाब दुसऱ्या टोकाला बसला होता, आणि त्या दिवशी त्याच्या डब्यात नुसती मेथी होती. त्यानंतर शिवशरण जेवायला बाहेर गेला नाही.

मग त्याच्या मनानं घेतलं की आपल्याला तिथं जागा नसेल तर त्यांना इथं आणावं. केबिन अशी करावी, की वरिष्ठाची खोली असली तरी माणसाला येऊन टेकावंसं वाटेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात गार आणि शांत जागा कुणाला नको? या विचारानं तो इतका खुलला, की संध्याकाळी घरी जातानाही त्याच्या डोक्यात केबिनच असायची. जुन्या साहेबांनी खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल त्यानं काढला, कारण साहेबांच्या खुर्चीवर टॉवेल असतो आणि टॉवेल असला की साहेब दिसतो. वर्षानुवर्षांची कॅलेंडरं उतरवली, खिळ्यांची भोकं साबण भरून बुजवली, पांढरा हात मारून घेतला. ट्यूबलाइट किणकिणायची, तिचा चोक बदलला. टेबल दाराकडं तोंड करून होतं, म्हणजे आत येणारा आधी साहेबाच्या नजरेत यायचा. ते त्यानं फिरवून खिडकीशी लावलं. समोरच्या दोन खुर्च्यांचा वेत फाटलेला होता, तो नव्यानं विणून घेतला. नवी पेठेत तासभर भटकून पडद्यासाठी फिकट हिरवं कापड आणलं, आणि दुकानदारानं, साहेब, गिरणीत काम करता आणि कापड विकत नेता, असं म्हटल्यावर मनापासून हसला. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. धुळा शिपाई त्याच्यावर पाणी मारायचा आणि सगळ्या केबिनला ओल्या मातीसारखा वास यायचा. मागांचा आवाज अडावा म्हणून प्लायवूडला आतून दुसरं प्लायवूड ठोकलं आणि मधल्या पोकळीत गिरणीतलंच रद्दी सूत कोंबलं. टेबलावर जुन्या साहेबांची पितळी घंटी होती. ती त्याला फेकवेना, पण वाजवायचीही नव्हती, म्हणून उरलेलं सूत तिच्या पोटातही भरलं. आणि शेवटी माठ आणला. हॉलमधल्या पाण्याच्या पिंपात दुपारी चहा होईल एवढं गरम पाणी असायचं. शिवशरणनं मोठा काळा माठ घेतला, आत वाळ्याची जुडी टाकली, वर पेला उपडा ठेवला आणि हॉलमध्ये जाऊन मोठ्यानं सांगितलं, "पाणी आतलं प्या रे सगळे. लई गार आहे." सगळे हो साहेब म्हणाले.

कुणी आलं नाही. आले ते कामाला, सही घेऊन गेले. वेताच्या खुर्च्यांवर कुणी पाठ टेकून बसलं नाही; बसलंच तर कडेला, उठण्याच्या बेतात. शिवशरणला वाटायचं, सवय होईल, वेळ लागतो. तो त्यांच्या जागी स्वतःला बसवून बघायचा. जुन्या साहेबांच्या केबिनमध्ये माठ असता तर आपण गेलो असतो का? नसतोच गेलो. पण ते जुने साहेब होते, आणि हा मी आहे, असं तो स्वतःला सांगायचा, आणि त्यांना हे कसं कळत नाही म्हणून चिडायचा, आणि चिडल्यावर त्याचा चेहरा साहेबासारखा होत असणार हे लक्षात येऊन रुमालानं तोंड पुसायचा. सुतानं भरलेल्या भिंतींनी आपलं काम चोख केलं होतं. मागांचा आवाज गेला, टाइपरायटर गेला, आणि त्यांच्याबरोबर हॉलमधलं बोलणंही गेलं. कधी कधी तो कान भिंतीला लावायचा. अशा वेळी कुणी आलं असतं तर काय दिसलं असतं, याचा त्याला फार उशिरा विचार आला.

तो विचार आला तो धुळामुळं. धुळा त्याच्याहून वयानं मोठा, मोहोळकडचा, पोटात काही न ठेवणारा. वाळ्यावर पाणी मारता मारता तो म्हणाला होता, "लोकं म्हणत्यात, सायबानं भिताडं जाड केली. आतलं बोलणं भाईर जाऊ नये म्हून. कुणाला काडायचंय, कुणाला ठिवायचंय, ते आत ठरतंय म्हणं."

"आत कोण असतंय रे माझ्याशिवाय? ठरवू कुणाबरोबर?"

"ते मी सांगितलं की. तर म्हणले, फोन हाय न्हवं."

त्या दिवशी शिवशरण जेवला नाही. मग त्याला उपाय सुचला. भिंत आता उकलता येत नाही, पण काच बदलता येते. दुधी काचेतून हॉल म्हणजे नुसते ठिपके दिसायचे आणि हॉललाही तो ठिपकाच दिसत असणार. ठिपक्याकडं कोण पाणी प्यायला येईल? साधी काच लावू, म्हणजे मी त्यांना दिसेन, बसलेला, एकटा, लपवण्यासारखं काही नसलेला. गेल्या आठवड्यात काच बसली. कारागीर दुधी काच काढत होता तेव्हा शिवशरण पोरासारखा बाजूला उभा होता, आणि मोकळ्या चौकटीतून एकाएकी सगळा हॉल दिसला, आवाजासकट, घामासकट. त्याला भरून आलं. हुसेनसाबची मान, तिच्यावरचा तो तीळ, किती दिवसांनी नीट दिसत होता. मग नवी काच बसली आणि आवाज परत गेला. दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये टेबलं जरा जरा वळू लागली. आधी टायपिस्टबाईंचं, मग कॅशियरचं. आठवड्यात एकाही टेबलाचं तोंड केबिनकडं राहिलं नाही. धुळाला त्यानं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. साहेबानं नजर ठेवायला काच बदलली, एवढं त्याचं त्यालाही समजलं.

आणि आज ते बोट. शिवशरण फाइल उघडून बसला होता, पण डोळ्यांपुढं वडील होते. मडिवाळप्पांचे कान शेवटी पार गेले होते. घरातही ते हातानंच बोलायचे, आई कानडीत ओरडायची, आणि ते हसून तळव्यावर तळवा थापायचे. शेवटच्या आजारात इमामसाब भेटायला आले होते. दोघे म्हातारे समोरासमोर बसून दुपारभर बोलले, घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बोटं हलत होती, ओठ हलत होते. दाराशी बसलेल्या शिवशरणला सगळं कळत होतं आणि त्याला वाटलं होतं, बोलावं तर असं. निघताना इमामसाबांनी छातीवर मूठ ठेवली. वडिलांनीही ठेवली. बस्स, एवढंच. आपण इतक्या खटपटी केल्या, रंग काय, पडदा काय, माठ काय, आणि हे आपल्याला सुचू नये? काच साधी आहे. हुसेनसाब समोर आहे. मध्ये आवाज पोचत नाही. मागांच्या शेडमध्ये तरी याहून वेगळं काय होतं? सुट्टीचा भोंगा होईपर्यंत त्यानं एकही ओळ वाचली नाही.

भोंगा झाला. बाहेर टेबलं जोडली गेली, वर्तमानपत्र अंथरलं गेलं. हुसेनसाब कडेला बसला होता, केबिनकडं पाठ करून, पण पाण्याच्या तांब्यासाठी तो वळला आणि त्या क्षणाला शिवशरण काचेशी उभा राहिला. त्यानं तळव्यावर तळवा थापला. भाकरी. बोटांनी आपल्याकडं ओढलं. ये. मग उजव्या हाताची मूठ करून छातीवर टेकवली आणि तशीच ठेवली. हुसेनसाबनं बघितलं. त्याला कळलं, त्याचा चेहरा क्षणभर डबा घेऊन शेडच्या दारात उभ्या असलेल्या पोराचा झाला, हे शिवशरणनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग हुसेनसाबच्या शेजारचा वळला, त्याच्या शेजारचा वळला, सगळे वळले. मुठीकडं बघू लागले. हुसेनसाबनं हातातला घास डब्यात परत ठेवला, झाकण लावलं, बोटं पुसली, उभा राहिला आणि शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावली. दाराशी येऊन त्यानं टकटक केलं, मग दार थोडं ढकललं. दाराला वर काच, तिच्यातून त्याचा सगळा चेहरा आधीच दिसत होता.

"येऊ का साहेब आत?"

"अरे ये की हुसेन. बस. डबा कुठाय तुझा?"

हुसेनसाब बसला नाही. नव्यानं विणलेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. "काय काम होतं, साहेब?"

"काम कसलं रे? जेवायला ये म्हणलो. खूण विसरलास?"

"न्हाय, विसरीन कसा?" हुसेनसाब काचेकडं बघून हळू म्हणाला, "सगळी बघायलीत."

"बघू दे की. आपण काय चोरी करतोय?"

"तुमचं ठीक हाय साहेब. मला परत तितंच जाऊन बसायचंय."

शिवशरणनं आपला डबा उघडला. वाळ्याच्या पडद्यातून थेंब पडत होते, ते ऐकू येत होते, इतकी केबिन शांत होती.

"तेवढी चटणी तरी खा. मुलीनं पाठवलीय."

"खाल्लो असतो," हुसेनसाब म्हणाला. मग थांबून, समजुतीच्या आवाजात, जसं आजाऱ्याला सांगतात तसं, "एक सांगू? वाईट वाटून घेऊ नका. हातानं नका बोलवत जाऊ. लोकं मला इच्यारत्यात, काय खाणाखुणा चालल्यात साहेबासंगं, म्हणून. घंटी हाय की टेबलावर. घंटी मारा, धुळा सांगंल, मी फाइल घेऊन येतो. ते बरं दिसतंय."

"पाणी पी मग. गार आहे."

"पिऊन आलोय साहेब."

तो वळला. दारातून बाहेर पडताना त्याचा हात छातीपाशी गेला आणि शिवशरणचीही मूठ वळली. पण तो गुंडी सोडत होता. गुंडी सोडून तो आपल्या जागी गेला, डब्याचं झाकण काढलं, कुणीतरी काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. काय म्हणाला ते ओठांवरून वाचता आलं असतं. शिवशरणनं नजर खाली केली.

टेबलावर घंटी होती. तिच्या पोटातलं सूत त्यानं बोटानं उकरून काढलं. दाबून भरलेलं, निघता निघेना. शेवटचा धागा ओढून काढला आणि घंटीवर हात मारला. पितळेचा आवाज त्या बंद केबिनमध्ये एवढा मोठा झाला की तो स्वतःच दचकला. काचेपलीकडं सगळ्यांचे घास थांबले. हुसेनसाबनं वर बघितलं नाही. धुळा धोतराला हात पुसत आत आला, त्यालाही जेवता जेवता उठावं लागलं होतं.

"जी साहेब."

काय हवं होतं ते शिवशरणला सांगता येईना. फाइल नको होती. कुणाला बोलवायचं नव्हतं. "पाणी," तो म्हणाला.

धुळानं माठाकडं बघितलं. माठ शिवशरणच्या कोपराला लागून होता. पुढं होऊन त्यानं उपडा पेला सरळ केला, पाणी ओतलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

"गार हाय न्हवं?" धुळा म्हणाला. "कुणी हातच लावत न्हाय, म्हून लई गार ऱ्हातंय."

शिवशरणनं पेला तोंडाला लावून पाणी सगळं संपवलं आणि पेला परत त्याच्यापुढं धरला. तहान नव्हती. पण पेला भरेपर्यंत तरी धुळा थांबला असता.